चार हजारांचा डबा: वडगावातल्या एका घराचा हिशेब

माझा ब्लाऊज दोन आठवडे उशिरा आला, तिथून हे प्रकरण माझ्यापर्यंत पोचलं.

बेळगावच्या वडगावात ती शिवणकाम करते. अकरा वर्षं माझे कपडे तिच्याकडेच. सांगितलेला दिवस तिनं कधी चुकवला नव्हता. जूनमध्ये चुकला, तोही दोनदा. विचारलं तर म्हणाली, "भांडीधुणं अंगावर पडलंय मावशी, मशीनवर बसायला वेळच गावत नाही." भांड्याची बाई का सोडली म्हटल्यावर थोडी घुटमळली आणि म्हणाली, "दान करायला पैसे वाचवायलोय आम्ही."

मी एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात २९ वर्षं काढली. खर्च कमी करण्याची कारणं ऐकून ऐकून कान किटले होते: मुलीचं लग्न, घराचा स्लॅब, थकलेला हप्ता. दुसऱ्याला देण्यासाठी स्वतःच्या घरचा खर्च कापणारं गिऱ्हाईक मात्र एकदाही समोर बसलं नव्हतं. म्हणून मी वही मागितली. पुढचं सगळं त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. नावं आणि मूळ गाव गाळलंय, आकडे त्यांच्या वहीतले आहेत, फक्त शेवटचे सुटे पैसे सोडून दिलेत.

घर

माणसं पाच. नवरा उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर, हातात ३४,५०० रुपये पडतात. हिचं शिवणकाम सरासरी ६,०००, लग्नसराईत त्याहून बरंच जास्त आणि आषाढात निम्मं. मुलगा डिप्लोमाला, मुलगी नववीत. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या. रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून त्यांचंच नाव, त्यामुळं कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० रुपये त्यांच्या खात्यावर येतात. ते पैसे घरखर्चात धरायचे नाहीत हे त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, आणि मलाही ते पटलं. हप्ता कधी दोन-दोन महिने येत नाही, मग एकदम येतो. अशा पैशावर महिन्याचं गणित बांधणं बरं नव्हे.

म्हणजे घरात महिन्याला चाळीस हजार येत होते आणि चाळीसच जात होते. उधारी नव्हती, शिल्लकही नव्हती.

देण्याचा विचार आला तो दवाखान्यातून. जानेवारी २०२५ मध्ये नवऱ्याच्या धाकट्या भावाला अपघात झाला. एकोणीस दिवस दवाखान्यात. रात्री पेशंटच्या माणसांना डब्यातून आमटी-भात वाढणारे काही लोक तिथं येत. कुणी नाव विचारलं नाही, कुणी फोटो काढला नाही. रक्ताच्या दोन बाटल्या दिल्या त्या ओळखपाळख नसलेल्या पोरांनी. भाऊ घरी आला आणि गुढीपाडव्याला, ३० मार्चला, हिच्या नवऱ्यानं जेवताना जाहीर केलं की एप्रिलपासून महिन्याला चार हजार बाहेर द्यायचे.

चारच हजार का? त्याच्या कारखान्यातल्या एका पोरानं मोबाईलवर दाखवलं होतं. ऑक्सफर्डच्या टोबी ऑर्ड या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकानं २००९ मध्ये 'गिव्हिंग व्हॉट वी कॅन' नावाची संघटना काढली, तिच्यात कमाईचा किमान दहावा हिस्सा आयुष्यभर देण्याचं वचन देतात. चाळीसचा दहावा हिस्सा चार. मला हे ऐकून जरा काळजीच वाटली. एकट्या प्राध्यापकाचा दहावा हिस्सा वेगळा आणि पाच तोंडांच्या घरातला वेगळा. गल्लीतले मुसलमान विणकर जकात देतात ती अडीच टक्के, आणि ती वर्षभर साठून राहिलेल्या ऐवजावर, घर चालवून जे मागं उरलं त्यावर. आपल्याकडं खळ्यावर पसा-पायली काढायचे तेही रास पडल्यावर, पेरणीच्या वेळी नव्हे. ह्या घरात रासच पडत नव्हती. पण माणूस हट्टाला पेटला होता, आणि हट्ट चांगल्या गोष्टीचा होता.

पहिले तीन महिने

पत्र्याचा एक डबा देव्हाऱ्याखाली ठेवला. वाचेल ते त्यात टाकायचं आणि महिनाअखेरीस मोजून द्यायचं, अशी योजना. काय कापायचं ते नवऱ्यानं ठरवलं, आणि त्यानं कापलेलं बहुतेक सगळं स्वयंपाकघरातलं होतं. संध्याकाळचं अर्धा लिटर दूध बंद. बुधवारचं मटण बंद, रविवारचं राहू दे. भांड्याची बाई बंद, तिचे १,००० वाचतील. बाहेरचं खाणं बंद. पंखे-दिवे विनाकारण चालू दिसले की ओरडा.

डब्यात एप्रिलअखेर १,१५० रुपये निघाले. मे महिन्यात ४००. जूनमध्ये वह्या-पुस्तकांसाठी उलट ६०० डब्यातूनच काढावे लागले. नवऱ्याला वाटलं बायको हात राखून देते आहे. बायकोला वाटलं आपण एवढं राबतोय आणि वर संशय. जूनच्या शेवटच्या आठवड्यात दोघांत बोलणं कमी झालं होतं, हे तिनंच मला सांगितलं.

मी त्यातल्या तीन गोष्टी एकेक करून पाहिल्या.

विजेचं आधी, कारण त्यात हसू आलं. ह्या घराचा २०२२-२३ चा सरासरी वापर महिना ९२ युनिट. गृहज्योती योजनेत त्या सरासरीवर दहा टक्के वाढवून तेवढी वीज फुकट मिळते, कमाल मर्यादा २०० युनिट. म्हणजे ह्यांना १०१ युनिटपर्यंत बिल शून्य. आणि वापर नव्वदच्या आसपासच. उन्हाळ्यात सासूबाईंचा पंखा बंद करून ह्या माणसानं नव्वदचे ऐंशी केले. शून्य बिलाचं शून्यच राहिलं. वीज वाचवू नये असं मी म्हणत नाही, पण त्यातून डब्यात पाच पैसेही पडणार नव्हते आणि म्हातारी मात्र घामानं भिजत होती.

दुधाचं असं झालं की १ एप्रिललाच नंदिनी दूध लिटरमागं ४ रुपयांनी महागलं. अर्धा लिटर कमी केलं, उरलेल्या एका लिटरावर महिन्याला १२० रुपये जास्त गेले. शिवाय सासूबाई चार वाजता चहाला शेजारच्या कानडी आज्जींकडं जाऊन बसायला लागल्या. आज्जींना त्याचं काही नव्हतं, त्यांच्याकडं दारात आलेल्याला काहीतरी खाऊ-पिऊ घातल्याशिवाय सोडत नाहीत, दासोहाची सवयच ती. पण सुनेला ते लागलं. तिनं गुपचूप पाव लिटर परत सुरू केलं.

भांड्याच्या बाईचं प्रकरण ह्या सगळ्यात मोठं. मी वही बघत बसले होते त्याच दिवशी ती दारात आली. उरलेले पन्नास रुपये न्यायला आली होती म्हणे, पण आली होती विचारायला. उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता म्हणाली, "वैनी, माझं काय चुकलं म्हणून काम काढलासा?" हिनं शिलाईच्या मशीनवरचं कापड हातात घट्ट धरलं. सुईतून दोरा निसटलेला होता, तो ओवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "चुकलं काय नाही ग," एवढंच म्हणाली. बाई चार घरची भांडी करते. चारातलं एक गेलं म्हणजे तिची पाव कमाई गेली.

ती गेल्यावर मी पाटीवर मांडलं. भांडी आणि धुणं मिळून हिचे रोजचे दीड ते दोन तास जातात. अस्तराचा एक ब्लाऊज अडीच तासांचा, शिलाई ३०० रुपये. दमून उरलेला वेळही हळूच जातो, ते सोडून दिलं तरी महिन्याला सहा ब्लाऊज हातचे गेलेले वहीत स्पष्ट दिसत होते. १,८०० रुपये. एक हजार वाचवायला अठराशे घालवले, आणि ते हजारसुद्धा अशा बाईच्या हातातून काढून घेतले की जिला कुणीतरी द्यावं असं आपण म्हणतो. ह्या घराला देण्याची इच्छा आहे यात मला शंका नव्हती. पण जून महिन्यापर्यंत ह्या इच्छेची किंमत दोन बायका भरत होत्या, एक घरातली आणि एक दारातली.

बाईला जुलैपासून परत बोलावलं, २०० रुपये वाढवून. मुलीनं विचारलं, हे २०० दानाच्या पानावर लिहायचे का? सासूबाई आतून म्हणाल्या, "मजुरी ती मजुरी. ती दान कशी हुईल?" मी पतसंस्थेत भल्याभल्यांना एवढा सरळ भेद करताना पाहिलं नाही.

आहेराची वही

मग मी दुसरी वही मागितली. आमच्या भागात बहुतेक घरांत ती असते: कुणाच्या लग्नात काय आलं, कुणाला काय गेलं. पाडवा ते पाडवा ह्या घरातून जे बाहेर गेलं ते आम्ही तिघींनी एका दुपारी बेरीज केलं.

लुगडी, साड्या, टॉवेल-टोपी, ब्लाऊजपीस: १९,२०० रुपये. पाकिटातले रोख ८,३००. लग्न-वास्तुशांतीला जाण्यायेण्याचे ५,४००. मंडळांच्या वर्गण्या ४,९००. आषाढात वडगावच्या मंगाईच्या यात्रेला पाहुण्यांचं जेवण, ९,०००. एकूण ४६,८०० रुपये. बारानं भागलं तर ३,९००.

नवरा कामावरून आला तेव्हा पाटी तशीच होती. त्यानं आकडा दोनदा वाचला. पाडव्यापासून ज्या चार हजारांसाठी आईचा पंखा बंद होत होता, ते जवळजवळ तेवढेच दरमहा घरातून जात होते, आणि त्यातल्या एकाही रुपयाची त्याला आठवण नव्हती. पण त्यानं लगेच मान डोलवली नाही, आणि त्याचं म्हणणं मला टाकाऊ वाटलं नाही. "मावशी, लोकांना जेवू घालतोय, पोरीबाळींना साडी नेसवतोय, ते देणं नव्हं काय?"

उत्तर परत म्हातारीनंच दिलं. "आम्ही त्यांच्यात जेवून आलोय, ते आमच्यात जेवून जाणार. साडी आली, साडी गेली. ह्यात दान कुठलं रे?"

साडीचं तर सुनेकडं उदाहरणच होतं. तीन वर्षांपूर्वी नणंदेच्या जावेला दिलेली मोरपंखी काठाची साडी गेल्या मे महिन्यात एका वास्तुशांतीत हिलाच आहेर म्हणून परत आली होती. ओळखली कशी? फॉल हिनंच लावला होता. एका कोपऱ्यात दोऱ्याचा रंग कमी पडला म्हणून चार टाके गडद हिरव्याचे घातले होते, ते तसेच होते. पाच घरं फिरून आली असेल, एकदाही नेसलेली नव्हती.

मी माझ्या भाषेत सांगितलं की ही बिनव्याजी उधारी आहे. वही ठेवावी लागते यावरूनच कळतं, दानाची वही कुणी परत मिळेल म्हणून ठेवत नाही. तरीही हे सगळं एका फटक्यात बंद करा असं मी म्हटलं नाही, आणि याचं कारण जानेवारीतच होतं. भावाला दवाखान्यात नेलं त्या रात्री पैसे घेऊन कोण धावलं? आहेराच्या वहीतली माणसंच. दोन दिवसांत ८५,००० उभे राहिले, एका कागदावर सही न करता. आमच्या पतसंस्थेत तेवढ्या कर्जाला दोन जामीनदार आणि आठवडा लागला असता. पै-पाहुणा हा गरिबाचा विमा आहे, आणि विम्याचा हप्ता तोडताना विचार करावा लागतो.

म्हणून कात्री माणसांना लावायची नाही, कापडाला लावायची असं ठरलं. दिव्याच्या अवसेआधी दोघांनी मिळून जवळच्या वीस-बावीस घरांत तोंडी सांगितलं की यापुढं आम्ही कापडाचा आहेर देणार नाही आणि घेणारही नाही, लग्नाला मात्र येणार आणि वाढायलाही उभे राहणार. सख्ख्या बहिणींच्या मुली आणि भाच्या सोडून. पाच हजार त्यांच्यासाठी ठेवले. एका आत्यानं फोनवर सरळ विचारलं, "धंद्यात बसलायसा काय?" म्हणजे बुडालात का. ती अजून बोलत नाही. बाकीच्यांपैकी निम्म्यांनी मनातून सुटकेचा श्वास सोडला असावा, कारण ऑक्टोबरपर्यंत आणखी तीन घरांनी हाच निरोप फिरवला.

उरलेलं भराभर सांगते. वर्गणी चार मंडळांऐवजी गल्लीतल्या एकाच मंडळाला. केबल बंद, कुणी बघतच नव्हतं. उद्यमबागेत जाताना शेजारच्या सोबत्याबरोबर एक आठवडा त्याची गाडी, एक आठवडा ह्याची. पेट्रोलचे ७०० वाचले. ह्या सगळ्याची महिन्याची बेरीज २,४००. आणि दुचाकीचा ३,१५० चा हप्ता सप्टेंबरात फिटणार होता. तो फिटला की पुढच्या महिन्यात तेवढेच पैसे कुठं गेले हे कुणाला सांगता येत नाही, मी शेकडो खात्यांत पाहिलंय. म्हणून आधीच लिहून ठेवलं: त्यातले १,५०० बाहेर, बाकी मुलाच्या फीला.

दूध पूर्ववत केलं. बुधवारचं मटण मात्र त्यांनी स्वतःहून परत सुरू केलं नाही. डबा देव्हाऱ्याखालून उचलला आणि त्यात आता सुया-बटणं आहेत. महिनाअखेरीस उरेल ते द्यायचं ही रीतच बदलली. पगार सात तारखेला होतो, देणं आठ तारखेला जातं, उरलेल्यात घर चालतं. माझी एकच अट होती, आणि ती त्यांना आवडली नाही: भावाच्या दवाखान्यासाठी भिशी उचलून घातलेले पैसे भरून निघेपर्यंत आणि एका महिन्याचा खर्च ठेवीत पडेपर्यंत चार हजारांचा आकडा तोंडात आणायचा नाही. गाडीचा हप्ता फिटेपर्यंत २,४०० म्हणजे २,४००.

इथं थोडं विषयांतर. मी टिळकवाडीत राहते, काँग्रेस विहीर माझ्या रोजच्या फिरण्याच्या वाटेवर आहे. डिसेंबर १९२४ मध्ये इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, महात्मा गांधी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. ते काटकसरीनं पार पडलं आणि सगळा खर्च जाऊन ७७३ रुपये शिल्लक राहिले, हे बेळगावात अजून अभिमानानं सांगतात. पण त्याच अधिवेशनासाठी पाण्याची सोय म्हणून ही विहीर खणली, तिला ४,३७० रुपये ३ आणे लागले. शिल्लक वाढवायची म्हणून विहीर आखूड करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. शिल्लक कधीच कुठं गेली, विहिरीला पाणी आहे. भांड्याच्या बाईचा हिशेब करताना मला ती विहीर आठवत होती.

कुणाला द्यायचं

ह्या भागावर घरात सगळ्यांत कमी विचार झाला होता. डब्यातले काही एका देवळाच्या अन्नछत्रात दिले, काही एका शाळकरी पोरांच्या घोळक्याला, जे कसली तरी पावतीपुस्तकं घेऊन आले होते. दोन्हीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्या दवाखान्यानं हे सुरू केलं तिथं परत कुणी गेलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये गेले, आणि तिथं एक ओळख निघाली. मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीकडच्या जंगलपट्ट्यातला, जांबोटीच्या पलीकडच्या एका वाडीतला माणूस. वय पन्नाशीच्या आतलं, दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. ह्यांच्या मोठ्या भावाबरोबर एकेकाळी वीटभट्टीवर काम केलेला. ह्या जोडप्यानं पुढच्या खेपेला त्याच्यासाठी डझनभर केळी, मोसंबी आणि दोन शहाळी नेली. डायलिसिसच्या खोलीतल्या टेक्निशियननं पिशवी दारातच अडवली. किडनी काम करत नसली की पोटॅशियम शरीराबाहेर जात नाही, ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. केळी, मोसंबी, शहाळं यांत तेच भरपूर. पाणीसुद्धा ह्या पेशंटला मोजून. नवरा मला सांगताना म्हणाला, "मावशी, शहाळं म्हणजे आजाऱ्याला अमृत असं समजून चाललो होतो की." शहाळी त्यांनी बाहेर बाकावर बसलेल्या दुसऱ्या पेशंटच्या पोरांना दिली.

मग त्यांनी जे आधी करायला हवं होतं ते केलं. त्या माणसाच्या बायकोला विचारलं की अडतं कुठं. औषध, डायलिसिस सरकारी, त्याचे पैसे नाहीत. अडतं ते येण्याजाण्यात. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना बस फुकट, म्हणून सोबत येणाऱ्या बायकोला कंडक्टर शून्याचं तिकीट फाडून देतो. आजारी माणसाला मात्र पूर्ण तिकीट, आणि ५ जानेवारी २०२५ पासून ते १५ टक्क्यांनी वाढलेलं. वाडीपासून बसपर्यंत वडापची जीप, बसस्टँडपासून रिक्षा, कारण चार तास मशीनवर पडून उठलेला माणूस चालू शकत नाही. पावसाळ्यात बस चुकली तर पूर्ण गाडी करावी लागते. एका खेपेला दोनशे-सव्वादोनशे, महिन्याला आठ-नऊ खेपा. पैसे नसले की खेप चुकायची. जुलैत दोन चुकल्या होत्या आणि माणूस सुजून, धाप लागून तिसऱ्या खेपेला आला होता.

महिन्याला १,९०० रुपये ह्या प्रवासाला. उरलेले ५०० दवाखान्यात रात्री जेवण वाढणाऱ्या त्या मंडळींना, तांदळाच्या रूपात, कारण त्यांनीच तसं मागितलं.

पावतीबद्दल नवऱ्यानं विचारलं होतं, ८०जी, म्हणजे दानावरची करवजावट, मिळेल का. एका माणसाला दिलेल्या पैशावर ती मिळत नाही, संस्थेला दिले तरी नव्या कररचनेत ती वजावट नाही, आणि मुळात ह्याच्या पगारावर कर बसतच नाही. विषय तिथंच संपला.

पैसे कुणाच्या हातात द्यायचे यावर दोन आठवडे गेले. नवऱ्याला दर खेपेला स्वतः तिकीट काढून द्यायचं होतं, खात्री म्हणून. मी विचारलं, तुझ्या भावाला दवाखान्यात आमटी वाढणाऱ्यानं त्याचं आधार कार्ड बघितलं होतं काय? तो गप्प बसला. आता आठ तारखेला त्या पेशंटच्या बायकोच्या फोनवर पूर्ण महिन्याचे एकदम जातात. ऑक्टोबरात तिनं २०० परत पाठवले, एका खेपेला गावातल्या कुणाची तरी गाडी मिळाली होती म्हणून. सुनेनं ते ठेवून घेतले आणि पुढच्या महिन्यात तेवढे कमी पाठवले. मला वाटलं होतं ती "राहू दे" म्हणेल. तिचं म्हणणं, "राहू दे म्हटलं की ती उपकार समजणार. हिशेब ठेवला की बरोबरीचं राहतं." ह्यावर आमचं अजून एकमत नाही.

डिसेंबर

आकडे असे: ऑगस्ट, सप्टेंबर २,४००. ऑक्टोबरात हप्ता फिटलेला होता पण दिवाळी होती, ३,०००. नोव्हेंबर ३,९००. डिसेंबरात मुलीला चष्मा लागला, ३,१००. पाच महिन्यांचे १४,८००, पहिल्या तिमाहीच्या डब्यातल्या ९५० च्या समोर. जोडप्यातली कुरबूर संपली असं नव्हे, पण आता ती पैशावरून नसते. मुलगा अजूनही म्हणतो की त्याला लॅपटॉप हवा होता आणि बाहेरच्यांना बस मिळाली. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. त्याला कुणी विचारलंच नव्हतं, पाडव्याला जेवताना बापानं जाहीर केलं होतं. जानेवारीपासून हप्त्यातले उरलेले १,६५० फीऐवजी लॅपटॉपला लावायचे का, यावर बोलणं चालू आहे.

आणि खरा डोंगर पुढंच आहे. त्यांच्या मूळ गावची, खानापूर तालुक्यातली, महालक्ष्मीची यात्रा येत्या उन्हाळ्याच्या तोंडावर भरते आहे. आमच्याकडं ही यात्रा काही गावांत पाच वर्षांनी, काही गावांत वीस-पंचवीस वर्षांनी येते. घरं रंगतात, वार पाळले जातात, देवीचं लग्न लागतं, रथ फिरतो, देवी गदगेवर, म्हणजे मांडवातल्या चौथऱ्यावर, बसते, आणि मग ज्या दिवशी बकरी पडतात त्या दिवशी पंचक्रोशीतला माणूस जेवायला येतो. ज्या घरात पाहुणा आला नाही त्या घराची मान खाली. तिन्ही भावांनी आपापला मांडव घातला तर घरटी दीड लाख, आणि ह्या गावात त्यासाठी सोनं गहाण पडलेलं मी माझ्या टेबलावर पाहिलंय, पावत्या माझ्याच अक्षरात आहेत.

सासूबाई गेल्या यात्रेला पन्नाशीच्या होत्या. पुढची त्यांना दिसणार नाही हे त्या स्वतःच हसत सांगतात. तेव्हा यात्रा कमी करा म्हणायचं कुणाच्याही तोंडात नाही, माझ्याही नाही. ह्या माणसानं सुचवलंय की तिघांनी मिळून एकच मांडव, एकच चूल, पाहुणे तेवढेच. एकत्रित २ लाख १० हजारांत भागेल, घरटी सत्तर. धाकट्या भावाचा पाय अजून धड नाही, तो कामावर पूर्णपणे गेलेला नाही, त्याला तर दीड लाख झेपणारच नाहीत. थोरल्याला हे मान्य नाही. "तिघं भाऊ असून एकच चूल? वाटण्या झाल्या तेव्हा तीन चुली कशाला मागितल्या होत्या?" असं तो म्हणाला म्हणे.

गेल्या रविवारी सासूबाई स्वतः बसनं गावाला गेल्या, शून्याच्या तिकिटावर, थोरल्याला समजवायला. जाताना गृहलक्ष्मीचे साठलेले सहा हजार लुगड्याच्या पदरात बांधून नेले. कशाला, ते सुनेला सांगितलेलं नाही. अजून परत आलेल्या नाहीत.